ट्रेनिंगचं मॉडेल निवडायचंय? आधी शॉपफ्लोअरवर एक फेरी मारा

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मला ट्रेनिंगसाठी बोलावलं होतं. कास्टिंगमध्ये वाळू अडकून माल परत येत होता. मालक म्हणाले, "सर, पोरांना जरा शिकवा की. शिकवलं की सगळं सरळ हुतंय." मीही तेव्हा या धंद्यात नवाच. महिनाभर बसून साठ स्लाइडींचा कोर्स केला. ब्लो होल, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन, प्रत्येक दोषाचा फोटो, कारण आणि उपाय. शेवटी वीस मार्कांची परीक्षा. सगळी पोरं पास झाली आणि रिजेक्शन होतं तिथंच राहिलं.

मग एका दुपारच्या शिफ्टला मोल्डिंग लाइनवर नुसता उभा राहिलो. पेटी बंद करायच्या आधी साच्यात पडलेली सुटी वाळू हवेनं उडवायची असते, हे प्रत्येक पोराला पाठ होतं. पण लाइनच्या शेवटच्या तीन पेट्यांना कुणी हवा मारतच नव्हतं. तिथल्या मोल्डरला विचारलं, "मामा, इथं हवा का मारत नाही?" ते म्हणाले, "पाइपच येत न्हाई की हितवर. सांगून सांगून दमलो." चार मीटर पाइप वाढवला आणि त्या तीन पेट्यांची तक्रार थांबली. माझ्या साठ स्लाइडींत पाइपच्या लांबीबद्दल एक ओळ नव्हती.

कारखान्यातलं ट्रेनिंग असो, पतसंस्थेतलं असो किंवा घरी बसून केलेला ऑनलाइन कोर्स असो, इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं, म्हणजे कोर्स आखायच्या शास्त्राचं, मॉडेल कोणतं घ्यायचं हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच तीन वेगवेगळ्या प्रश्नांची मिसळ आहे. ती वेगळी केली की निवड बरीच सोपी होते. पण त्याच्याही आधी पाइप.

पायरी १: हे ट्रेनिंगचं काम आहे का?

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघा अमेरिकन तज्ज्ञांनी १९७० मध्ये एक खडा सवाल मांडला होता. या माणसाच्या जिवावर बेतलं, तर त्याला हे काम जमेल का? जमत असेल तर त्याला ते येतं, अडचण दुसरीकडे आहे. जमतच नसेल तरच ट्रेनिंगचा विचार करायचा.

हा प्रश्न ऑफिसात बसून सुटत नाही. एक अख्खी शिफ्ट उभं राहून बघावं लागतं. वहीत तीन रकाने आखा. माणूस प्रत्यक्ष काय करतोय, काय करायला हवं होतं आणि का केलं नाही. तिसऱ्या रकान्यात "माहीत नव्हतं" सोडून बाकीचीच कारणं जास्त भरतील. माप तपासायचं गेज कपाटात कुलूपबंद असतं आणि चावी सुपरवायझरकडे. नग मोजून दाखवायला वेळ लागतो आणि पगार नगांवर. चुकीच्या मापाची तक्रार त्या पोरापर्यंत पोचते ती तीन आठवड्यांनी, तेव्हा त्याला तो जॉब, म्हणजे त्यानं मशीनवर केलेला नग, आठवतही नसतो. थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये हीच कारणं सहा खणांत मांडली. तीन खण भोवतालचे, म्हणजे माहिती, साधनं आणि मोबदला. तीन माणसाचे स्वतःचे, म्हणजे ज्ञान, क्षमता आणि इच्छा. त्यांचा सल्ला होता की आधी भोवतालचे तीन खण तपासा, कारण ते दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

मालकाला हे सांगणं अवघड जातं, मान्य आहे. ट्रेनिंगचा खर्च एकदाच करून हात झटकता येतात, पण नगांवरचा पगार बदलायचा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. तरीही सांगाच. नाहीतर सहा महिन्यांनी "ट्रेनिंग देऊन काही उपयोग झाला नाही" हे तुमच्याच नावावर जमा होतं.

पायरी २: मॉडेलांची तीन पातेली वेगळी ठेवा

"अ‍ॅडी चांगलं की गॅन्ये?" असं कुणी विचारलं की मला "तांबडा रस्सा चांगला की पातेलं?" असं ऐकू येतं. ही मॉडेलं एकमेकांची स्पर्धक नाहीतच.

पहिला गट सांगतो, कोर्स बनवायचं काम कसं चालवायचं. अ‍ॅडी, सॅम, डिक आणि केरी यांची पद्धत ही यातली. दुसरा गट सांगतो, धड्याच्या आत काय आधी आणि काय नंतर. गॅन्ये यांचे नऊ टप्पे, मेरिल यांची तत्त्वं, कारखान्यातली चार पावलांची जुनी पद्धत यात येतात. तिसरा गट तपासणीचा, त्यात कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या. बहुतेक कोर्सना प्रत्येक गटातली एकच गोष्ट पुरते. एकाच गटातल्या दोन एकाच वेळी घेतल्या की गोंधळ. एकाही गटातलं काही न घेता थेट स्लाइडी करायला बसलात, तर माझ्यासारखी गत.

पायरी ३: काम कसं चालवायचं, अ‍ॅडी की सॅम?

अ‍ॅडी म्हणजे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी जी पद्धत तयार झाली, तिच्यातून हे आलं. लष्कराला एकच काम हजारो माणसांना, वेगवेगळ्या तळांवर, अगदी एकसारखं शिकवायचं होतं. हा उगम लक्षात ठेवला तर अ‍ॅडी कुठं शोभतं ते आपोआप कळतं.

सॅम हे मायकेल ॲलन यांनी २०१२ मध्ये पुढं आणलेलं. यात आधी कच्चा नमुना करायचा, शिकणाऱ्यांसमोर टाकायचा, मोडायचा आणि पुन्हा करायचा. विश्लेषणाचा जाडजूड अहवाल नाही. पहिल्याच बैठकीत कागदावर काहीतरी उभं राहतं.

निवड करताना मी तीन गोष्टी बघतो.

चूक झाली तर काय होईल? फर्नेसमध्ये ओला भंगार टाकला तर धातू उसळतो आणि माणूस भाजतो. असं काम नमुना करून, चुकत चुकत शिकवायचं नसतं. इथं अ‍ॅडी. प्रत्येक टप्प्यावर सेफ्टी ऑफिसरची सही घ्या आणि सही झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

शिकवायची गोष्ट स्वतःच बदलतेय का? समजा एका पतसंस्थेनं पिग्मी एजंटांसाठी नवं मोबाइल अ‍ॅप आणलंय आणि सॉफ्टवेअरवाले दर पंधरवड्याला स्क्रीन बदलतायत. तिथं अ‍ॅडीनं तीन महिन्यांचा आराखडा केलात, तर कोर्स तयार होईपर्यंत बटणाची जागा बदललेली असेल. इथं सॅम. संध्याकाळी वसुली आटोपून आलेल्या चार एजंटांना कागदावर काढलेल्या स्क्रीन दाखवा आणि "आता पावती कशी काढाल?" विचारा. जिथं बोट अडखळेल तो तुमचा धडा.

होकार देणारा माणूस हाताशी आहे का? हा मुद्दा पुस्तकांत फारसा सापडत नाही. सॅमला दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी "हे ठेवा, ते काढा" म्हणणारं लागतं. साहेब महिन्यातून एकदा पुण्याहून येत असतील, तर सॅम कागदावरच राहतं. मग नाइलाजानं अ‍ॅडी घ्या, पण छोट्या तुकड्यांत. एका वेळी एक धडा, पाचही टप्पे पूर्ण करून.

व्हिडिओ शूट करणार असाल तर आणखी एक. शूटिंगच्या आधी वाटेल तितके बदल होऊ द्या, पण शूटिंगनंतर एक वाक्य बदलणंही महागात पडतं. कॅमेरावाला परत येतो, लाइन परत थांबवावी लागते आणि पहिल्या दिवशी दाढी असलेला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन येतो. म्हणून पटकथेपर्यंत सॅम आणि तिथून पुढं अ‍ॅडी, असा मिश्र मार्ग मी बऱ्याचदा घेतो.

डिक आणि केरी यांची १९७८ ची पद्धत पूर्ण राबवायला मोठी टीम लागते. तिच्यातली एकच गोष्ट उचला: धड्याचा मजकूर लिहायच्या आधी परीक्षा लिहा.

पायरी ४: उद्दिष्टातून "समजणे" हद्दपार करा

"ऑपरेटरला मोजमापाचे महत्त्व समजेल" असं उद्दिष्ट मी आजही प्रस्तावांत वाचतो. समजलं की नाही ते बघणार कसं? मेगर यांनीच १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले. माणूस काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती बिनचूक करेल. त्या हिशेबानं वरचं उद्दिष्ट असं होईल: "०.०२ मिमी लीस्ट काउंटचा व्हर्नियर हातात देऊन दहा जॉब पुढ्यात ठेवले, तर ऑपरेटर दहाही मापं इन्स्पेक्टरच्या मापापासून ०.०२ मिमीच्या आत घेऊन रजिस्टरमध्ये लिहील." आता परीक्षा काय घ्यायची हे वेगळं विचारावंच लागत नाही. दहा जॉब काढायचे आणि टेबलावर मांडायचे.

ब्लूम यांची १९५६ ची शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड, आणि तिची २००१ ची सुधारित आवृत्ती, योग्य क्रियापद शोधायला बरी. पण प्रत्येक धड्यात सहाही पायऱ्या आल्याच पाहिजेत असा हट्ट नको. व्हर्नियर वाचणाऱ्याला "नवनिर्मिती" करायची नसते.

पायरी ५: हातानं करायचं काम असेल तर चार पावलं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कोल्हापूरकडच्या कामांत हातकामच जास्त आहे. मोल्डिंग, फेटलिंग, सीएनसी, दूध संस्थेतली फॅट तपासणी, हुपरीचं चांदीकाम, चपलांची वीण. अशा कामांसाठी मला आजवर सापडलेली सर्वांत भरवशाची पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकेत १९४० ते १९४५ दरम्यान ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले आणि कारखान्यात सगळे नवखे. त्यांना झटपट तयार करायला ही पद्धत निघाली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटाच्या कामाच्या पद्धतीवर तिची छाप राहिली.

शिकवायला उभं राहण्याआधी कामाची फोड करायची. कागदावर तीन उभे रकाने: मुख्य टप्पा, कळीचा मुद्दा आणि त्यामागचं कारण. गर्बर पद्धतीनं दुधाचा फॅट काढण्याचं उदाहरण घेऊ. बऱ्याच संस्थांत आता मशीन आलंय, पण मशीनवर शंका आली की ही तपासणी हवीच.

पहिला टप्पा, बुटायरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या खुणांच्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड. कळीचा मुद्दा: तोंडाची आतली बाजू ओली होऊ द्यायची नाही. कारण: ती ओली झाली तर बूच घट्ट बसत नाही. दुसरा टप्पा, १०.७५ मिली दूध. कळीचा मुद्दा: नळी तिरकी धरून दूध काचेच्या कडेनं हळू सोडायचं. कारण: दूध थेट ॲसिडवर पडलं तर एकदम तापतं, जळतं आणि काळे कण फॅटच्या रेषेत येऊन वाचन बिघडतं. तिसरा, १ मिली अमाइल अल्कोहोल. चौथा, बूच लावून हलवणं. कळीचा मुद्दा: नळी फडक्यात गुंडाळून आणि बूच कुणाच्याही तोंडाकडे नसेल असं धरून. कारण सांगायची गरज नाही, नळी हातात तापायला लागली की पोराला आपोआप कळतं. तरीही सांगाच. पुढं सेंट्रिफ्यूज, ६५ अंश सेल्सिअसचं पाणी आणि वाचन.

कळीचे मुद्दे जुन्या माणसाच्या हातात असतात आणि त्याला विचारले तर तो ते सांगत नाही. लपवत नसतो, त्याला ते मुद्दे वाटतच नाहीत. म्हणून त्याला काम करायला सांगा आणि मध्येच थांबवून विचारा, "आत्ता नळी का तिरकी केलीत?" तो हसेल आणि म्हणेल, "तसंच करतात." तिथं पेन टेकवा. ती कळ आहे.

मग शिकवण्याची चार पावलं. पहिलं, तयारी: शिकणाऱ्याला मोकळं करा, त्याला आधी काय येतं ते विचारा आणि त्याला तुमच्या समोर नाही तर शेजारी उभं करा. समोर उभा राहिला की त्याला उजवं-डावं उलटं दिसतं. दुसरं, दाखवणं: तीनदा. एकदा फक्त टप्पे सांगत, एकदा कळीचे मुद्दे सांगत, एकदा कारणं सांगत. तिसरं, करून घेणं: आधी तो गप्प राहून करेल, चुकला की तिथल्या तिथं थांबवा. मग तो बोलत बोलत करेल. तुम्हालाच शिकवतोय असं त्याला सांगता आलं की समजा त्याला काम आलं. चौथं, एकट्याला कामावर सोडणं. अडलं तर कुणाला विचारायचं ते माणसाचं नाव घेऊन सांगा. "कुणालाही विचार" म्हटलं की कुणालाच विचारलं जात नाही.

या पद्धतीचं एक जुनं सूत्र आहे: शिकणाऱ्याला आलं नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. फोरमनला ते सांगताना आवाज जरा बेतानं ठेवा.

पायरी ६: निर्णयाचं काम असेल तर मेरिल

डेव्हिड मेरिल यांनी २००२ मध्ये बऱ्याच मॉडेलांतला समान गाभा काढला. खरी समस्या मध्यभागी ठेवा, माणसाला आधी जे येतं ते जागं करा, करून दाखवा, त्याला करायला लावा आणि त्याच्या रोजच्या कामात मिसळू द्या. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी बोलणं, कर्जाचा अर्ज तपासणं, मशीन बिघडलं की कारण शोधणं अशा कामांत टप्पे ठरलेले नसतात, तिथं हे उपयोगी पडतं. "कर्जाचे नियम" असा धडा करू नका. तीन अर्ज पुढ्यात ठेवा, त्यातला एक नाकारायचा आहे, कोणता आणि का ते विचारा. नियम लागेल तिथंच नियम दाखवा. कॅथी मूर यांचं ॲक्शन मॅपिंगही याच अंगानं जातं आणि अनावश्यक माहिती छाटायला फार कामाचं आहे.

सीएनसी सेटरसारखं, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन जॉबसाठी लावून देणाऱ्याचं, गुंतागुंतीचं काम तुकड्यांत शिकवू नका. पहिल्या दिवसापासून पूर्ण काम द्या, पण सोपं. साधी बुश, ऑफसेट (टूलच्या मापाचे मशीनमध्ये भरायचे आकडे) सगळे लावून दिलेले, त्यानं फक्त सुरू करून मोजायचं. पुढच्या जॉबला एक ऑफसेट त्याचा. पुढच्याला टूल बदलणं त्याचं. नवख्याला सोडवलेलं उदाहरण लागतं, जुन्याला तेच उदाहरण अडचण होतं. दोघांना एकाच वर्गात बसवलंत तर एक घाबरतो आणि दुसरा मोबाइल काढतो.

गॅन्ये यांचे नऊ टप्पे मी वर्गातल्या तासभराच्या सत्रासाठी ठेवतो. लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, जुनं आठवायला लावणं इथपासून ते शिकलेलं टिकवण्यापर्यंत. तीन मिनिटांच्या व्हिडिओत नऊ टप्पे कोंबले की तो सरकारी जाहिरातीसारखा दिसतो.

पायरी ७: ऑनलाइन असेल तर

आधी बघा, माणूस कोर्स कुठं बघणार. गोकुळ शिरगावला जाणाऱ्या बसमध्ये उभ्यानं, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइल? मग उभा व्हिडिओ, मोठी अक्षरं आणि एका व्हिडिओत एकच काम. फौंड्रीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं असतील, तर हिंदी आवाज वेगळा द्या. मराठीवर हिंदी पाट्या चिकटवून भागत नाही, कारण वाचताना हात दिसत नाहीत. बोलणं आणि तेच बोलणं पडद्यावर शब्दशः लिहिणं यानंही नवख्याचा गोंधळ वाढतो, हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलंय.

शिकलेलं विसरणं नैसर्गिक आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. म्हणून कोर्स संपल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक प्रश्न टाका. फोटो टाका आणि विचारा, "यात काय चुकलंय?"

आणि एक विनंती. "माणूस वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो आणि केलेलं नव्वद टक्के" असा त्रिकोण कुणी दाखवला, तर मान डोलावू नका. एडगर डेल यांच्या १९४६ च्या आकृतीत हे टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले.

पायरी ८: तपासणी उलटीकडून ठरवा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या. आवडलं का, आलं का, कामात उतरलं का आणि धंद्याला फरक पडला का. बहुतेक ठिकाणी पहिलीवरच गाडी थांबते, कारण फीडबॅक फॉर्म भरून घेणं सोपं असतं. मी एकदा ते फॉर्म मनापासून वाचले. सर्वांत जास्त शेरे जेवणावर होते.

चौथ्या पातळीपासून मागं या. कोणता आकडा हलायला हवा? रिजेक्शन, परत आलेले अर्ज, चुकलेल्या पावत्या. तो आकडा ट्रेनिंगच्या आधीच निदान महिनाभर रोज लिहायला सुरुवात करा. नंतर "आधी किती होतं?" विचारलं तर सगळे आकाशाकडे बघतात. तिसऱ्या पातळीसाठी ट्रेनिंगनंतर महिन्यानं पुन्हा शिफ्टवर उभं राहा, आणि पहिल्या पायरीतले तेच तीन रकाने परत भरा.

पायरी ९: तिघांवर चालवून बघा

पूर्ण कोर्स करायच्या आधी एकच धडा घ्या आणि तीन माणसं. एक नवखा, एक अनुभवी आणि एक तो, ज्याला ट्रेनिंगचा कंटाळा आहे. तुम्ही मागे बसा आणि हात मांडीखाली दाबा, कारण माणूस अडकला की बोट आपोआप पुढं जातं. बोलू नका. कुठं थांबला, कुठं मागं गेला, कुठं मोबाइल काढला, वेळेसकट लिहा. कंटाळलेला माणूस कुठं उठून चहाला गेला तेही लिहा. तिसऱ्या माणसानंतर ती वही उघडून बसा आणि जिथं दोघं अडकले तिथून दुरुस्ती सुरू करा.